बारा जणांचं शहर

आठव्या दिवशी केस चार किलोलाच निघाले.

तिनं ओढ मोजणाऱ्या ताणकाट्यावरचा आकडा वाचला, काटा शून्यावर आणला आणि दुसरं बाहुलं चिमट्यात धरलं. साडेचार. तिसरं, पुन्हा चार. निघालेला केसांचा तुकडा उचलून तिनं टेबलावरच्या पारदर्शक नळीत सोडला. नळीचं तोंड जेमतेम सव्वातीन सेंटिमीटर, तळ तिरका. लहान मुलाच्या घशाचं माप घेऊन बनवलेली ती नळी. कारखान्यात सगळे तिला ‘घसा’च म्हणत. घशात जे मावेल ते तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती द्यायचं नाही, एवढा साधा नियम. केस टुपकन आत गेले आणि तळाशी आडवे पडले. वर बोटभर जागा उरली.

तपासणीची खोली आठ फूट बाय सात फूट. एका भिंतीपलीकडे मशीनघर, दुसऱ्या भिंतीपलीकडे रंगखोली, डोक्यावर घर. खोलीला खिडकी नव्हती, कारण तापमान सारखं राहायला हवं. दारही उघडं ठेवायचं नाही, कारण तेच. हे दोन्ही नियम तिनंच अकरा वर्षांपूर्वी घालून घेतले होते. लग्न होऊन आली तेव्हा तिच्याकडे रसायनशास्त्राची पदवी होती आणि सासरी प्लास्टिकच्या खेळण्यांचा कारखाना. सोन्याहून पिवळं, असं दोन्हीकडचे म्हणाले. थोरले दीर, म्हणजे दादा, मालक, नवरा विक्री बघणार, थोरली जाऊ रंगखोली सांभाळणार, आणि ही माल तपासून सही करणार. सकाळी अठरा पायऱ्या उतरून कामावर यायचं, दुपारी अठरा पायऱ्या चढून जेवायला जायचं. वर आणि खाली माणसं तीच.

कारखान्याचा सगळ्यात जास्त खपणारा संच म्हणजे ‘शहर’. बारा माणसं, प्रत्येक तळहाताएवढं. पोलीस, डॉक्टर, ड्रायव्हर, हेल्मेटवाला कामगार, आगीचा बंब चालवणारा, पोस्टमन, पायलट, शेतकरी, अंतराळवीर, असे नऊ पुरुष. बायका तीन. एकीच्या कडेवर मूल, एकीच्या हातात डाव, एकीच्या हातात औषधांचा ट्रे.

“शहरात तीनच बायका, आणि तिघींच्याही हातात दुसऱ्यासाठीच काहीतरी,” असं ती गेल्या वर्षी जेवताना म्हणाली होती.

“मग काय, डाव ड्रायव्हरच्या हातात देऊ?” दादा म्हणाले होते. सगळे पोटभर हसले होते. तीही थोडं हसली होती.

मग बालवाड्यांच्या खरेदी समितीचं पत्र आलं. संचातली निम्मी माणसं स्त्रिया हवीत, आणि त्या वेगवेगळी कामं करणाऱ्या हव्यात. मुदत सहा आठवडे. चारपैकी दोन मशीन तेव्हा बंदच पडून होती; ही मागणी मिळाली तर चारही वर्षभर चालली असती. घरात एकाएकी तिचं कौतुक सुरू झालं. शहाणं माणूस आपल्याच घरात होतं, असं दादा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले. तिनं तीन नव्या साच्यांची चित्रं काढून दिली. पण साचा पोलादाचा. कोरायलाच पाच महिने लागतात. चित्रं टेबलाच्या खणात गेली.

तोडगा काढला जाऊबाईंनी. जुन्या एका बाहुलीच्या केसांचा साचा माळ्यावर पडून होता. मागून मानेत बसणारी लांब वेणी. डॉक्टर, ड्रायव्हर आणि कामगार यांच्या मानेत बारीक भोक पाडायचं, वेणीची खुंटी त्यात दाबून बसवायची, की झाल्या तीन बायका. तीन आणि तीन सहा. बावीस वर्षं त्या घरात राहून जाऊबाईंचं एखादं म्हणणं कुणी पहिल्यांदाच उचलून धरलं होतं. खुंटी किती जाड, भोक किती मोठं, हे गणित तिनं केलं. बसवल्याबरोबर ओढून पाहिलं तर अकरा किलोला निघाले. नियम नऊचा. त्या दिवशी घरात पेढे वाटले नाहीत एवढंच.

आणि आता चार.

दार उघडून दादा आत आले. दार मागे उघडंच राहिलं. “काय केमिस्टबाई, पास ना?”

“नाही, दादा. आज चारला निघाले.”

“गेल्या आठवड्यात तर अकरा म्हणालीस!”

“तेव्हा ते ताजे होते. खुंटी भोकात दाबलेली राहिली की प्लास्टिक हळूहळू ढिलं पडतं. मला हे ठाऊक होतं. गणितात धरायला विसरले.”

“दोन वर्षांचं पोर काय पैलवान आहे चार किलोनं ओढायला?”

“दातात धरून ओढलं की सहज होतात. आणि मुलं सगळं दातातच धरतात.”

“गोंद लाव.”

“या प्लास्टिकवर गोंद म्हणजे अळवावरचं पाणी.”

“मग खुंटी जाड कर.”

“मान चिरते. ही बघा.” तिनं मान चिरलेला ड्रायव्हर पुढे केला.

दादांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. “परवा समितीच्या मॅडम येताहेत. वर्षभर आमचं डोकं खाल्लंस, बायका हव्यात, बायका हव्यात. आणल्या. आता तूच त्यांचं टक्कल करायला निघालीस?”

ते खरं होतं. सही केली तर शहरात सहा बायका येणार होत्या आणि कुठल्यातरी बालवाडीत कुणाच्यातरी घशात वेणी अडकायची वाट बघायची होती. नाही केली तर कडेवर मूल, हातात डाव, हातात ट्रे, एवढ्याच बायका उरणार होत्या. आणि या दुसऱ्या निकालाखाली तिचंच नाव असणार होतं.

दुपारी ती वर जेवायला गेली. जेवता जेवता नवरा म्हणाला, “एक सही आहे गं. पाकिटावर लिहू की मोठ्यांच्या देखरेखीखाली खेळावं.”

“अहो, बालवाडीत तीस मुलांमागे एक बाई असते.”

“मग ते बालवाडीचं झालं. आपलं नाही.”

जाऊबाई वाढत होत्या. तिच्या ताटाशी येऊन त्या थांबल्या. “माझंच चुकलं बाई. रंगवणाऱ्या माणसानं रंगवावं. डोकं चालवायला शिकलेली माणसं आहेत घरात.”

“वहिनी, तुमचं नाही हो, गणित माझं चुकलं.”

“तुझं गणित चुकलं तरी ते गणितच. माझी अक्कल चुकली की ती बायकांची अक्कल.” वाढणं संपवून त्या आत गेल्या, आणि आतून भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत राहिला.

ती अठरा पायऱ्या उतरली ती थेट साच्यांच्या खोलीत गेली. कारखान्यातले सगळे साचे कोरणारे काका आता निवृत्त झाले होते. पण घरी बसून सुनेच्या पायात पायात येतो म्हणून रोज चार तास येऊन साच्यांना तेल लावत. तिनं त्यांच्यापुढे तिन्ही बाहुली ठेवली. वेणी आणि शरीर एकाच साच्यात येईल असं काही करता येईल का, एवढंच विचारायचं होतं.

“दोन दिवसांत? मी देव नाही, पोरी.” काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि कामगार उचलला. वेणीला धरून त्याला उलटा केला. “आणि हिला कशाला चिकटवलीत ही शेपटी?”

“बाई करायची आहे.”

“ही बाईच आहे की.”

तिला वाटलं, काका चेष्टा करताहेत. ते चेष्टा करत नव्हते.

“माझी थोरली बहीण बंदरावर क्रेन चालवायची. सत्तावीस वर्षं चालवली. हेल्मेट, ढगळ पँट, हातमोजे. केस हेल्मेटच्या आत. तिचंच नाक बघ, माझंही असंच आहे. मालकांच्या वडिलांनी सांगितलं, एक कामगार कर. मी हिला केली.”

“तुम्ही कधी सांगितलं नाहीत?”

“कुणी कधी विचारलं नाही.”

तिनं बाहुलं परत घेतलं. ते नाक होतं खरं काकांसारखं. ती तपासणीच्या खोलीत आली, दार लावलं आणि तपासणीची पहिली वही काढली. प्रत्येक खेपेला बाराही माणसांची एकेक ओळ. वजन, उंची, रंगाची पकड. आधीच्या कागदांवर नुसतं ‘कामगार’ असायचं. अकरा वर्षांपूर्वी नोंद अर्धवट वाटली म्हणून तिनं स्वतः पट्टीनं एक रकाना जास्त आखला होता: स्त्री की पुरुष. चार नंबरपुढे, म्हणजे कामगारापुढे, तिच्याच नेटक्या अक्षरात लिहिलेलं होतं, पुरुष. पुढच्या पानावर पुरुष. त्याच्या पुढच्या पानावरही.

मग तिनं बाराही माणसं टेबलावर ओळीनं उभी केली आणि भिंगाखाली एकेकाला तपासलं, जणू आजच पहिल्यांदा माल आलाय. मिशा दोघांना होत्या, पोलिसाला आणि शेतकऱ्याला. बाकीच्या सातांवर पुरुष म्हणायला काहीच नव्हतं. खांद्यांची रुंदी तिनं मोजली. ट्रेवालीचे आणि डॉक्टरचे खांदे अर्ध्या मिलिमीटरच्या आत सारखे भरले. ते सात जण कुणीच नव्हते. त्यांना पुरुष केलं होतं ते वहीनं.

समितीच्या मॅडम ठरल्या वेळी आल्या. पन्नाशीच्या, दमलेल्या, बोलायला मोकळ्या. रंगखोलीतल्या लांब टेबलापाशी सगळे बसले. दादांनी बारा माणसं आधीच मांडून ठेवली होती. तिघांच्या पाठीवर वेण्या.

“छान,” मॅडम म्हणाल्या. “तपासणीचा कागद?”

दादांनी तिच्याकडे पाहिलं. नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. जाऊबाई एका ब्रशचे केस बोटांनी सारखे करत होत्या, त्यांनी पाहिलं नाही. कागद तिच्या मांडीवर होता. सकाळीच तिनं तो भरला होता. तिनं तो टेबलावर ठेवला आणि मॅडमकडे सरकवला.

“केस नापास आहेत. निघतात, आणि घशात मावतात. वेण्या काढाव्या लागतील.”

दादांच्या तोंडातून एक आवाज निघाला. त्याला शब्द म्हणता आलं नसतं.

“मग बायका तीनच राहतात,” मॅडम म्हणाल्या.

“नाही.” तिनं एकेक वेणी काढून बाजूला ठेवली. दोन रात्रीत तिनं मनात ही वाक्यं इतक्यांदा म्हटली होती की ती आता पाठ केल्यासारखी आली. “ही डॉक्टर बाई आहे. ही ड्रायव्हर बाई आहे. ही कामगार तर साच्यापासूनच बाई आहे, ज्यांनी कोरली त्यांनी बहिणीला बघून कोरली. वेणी नसली म्हणून काही बदलत नाही. तुम्ही वेणी न घालताही बाईच आहात, मॅडम.”

मॅडमनी नकळत स्वतःच्या कानामागच्या आखूड केसांवरून हात फिरवला आणि हसल्या. मनापासून हसल्या. “पटतंय हो मला. मी एकटी असते तर आत्ता हो म्हटलं असतं. पण मी एकटी नाही, आम्ही आठ जण आहोत, आणि आमच्याकडे तक्ता आहे.” त्यांनी तो फिरवून तिच्यापुढे धरला. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं: स्त्री असल्याचे पाहताक्षणी ओळखू यावे. “नाहीतर उद्या कुणीही बारा पुरुष पाठवेल आणि म्हणेल, यातल्या सहा बायका आहेत.”

ते तर बरोबरच होतं. हाच मुद्दा तिला दुसऱ्या कुणी सांगितला असता तर तिनंच उचलून धरला असता. “पाहताक्षणी म्हणजे कशावरून?” तिनं विचारलं.

“ते मी कसं सांगणार? ते दिसतंच ना.”

मशीनघरातल्या चालू मशीनचा दाबाचा आवाज भिंतीतून येत होता, ठराविक वेळानं, धप्प. नवरा म्हणाला, “मॅडम, चहा घेणार?” आणि तेवढ्यात जाऊबाईंनी हात लांब करून डॉक्टरला उचललं.

त्यांनी सगळ्यात बारीक ब्रश काळ्या रंगात बुडवला, निथळला, श्वास धरला. प्रत्येक डोळ्यावर तीन रेघा. मग दुसरा ब्रश, लाल; ओठांवर एकच टेकवणं. पुरतं एक मिनिट लागलं नाही. डॉक्टरला त्यांनी मॅडमपुढे उभं केलं.

“अगंबाई!” मॅडम म्हणाल्या. “झालीच की!”

“झाली ना?” दादा अर्धे उठलेच. “वहिनी... छे, काय बोलतोय मी... अगं, कमाल केलीस तू!” बायकोलाच वहिनी म्हणाले म्हणून सगळे हसले, आणि खोलीतला ताण सुटला. आता ड्रायव्हर. डोळे, ओठ. झाली.

तीही बघत होती. रंग रोजचाच होता, वीसदा तपासलेला. चाटला, उकळला, घासला तरी न सुटणारा. घशात मावणारं त्यात काही नव्हतं. ताणकाटा लावायला धरायला काही नव्हतं. पापण्या नापास करायची कुठलीही चाचणी तिच्याकडे नव्हती.

जाऊबाईंनी कामगाराला हात घातला. त्याआधीच तिनं त्याला उचललं होतं.

“हिला नको.”

“का गं? दोन रेघांचं काम आहे.”

“हिला काही लावायचं नाही.”

“अशी असली तर हिला मी पुरुषांतच मोजू शकेन,” मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ होता. “म्हणजे तुम्हाला एक कमी पडते.”

दादांच्या मानेवरची शीर तिला दिसली. ती बाहुलं मुठीत धरून बसली. आपण वेड्यासारखं दिसतोय हे तिला कळत होतं, पण मूठ उघडेना.

“पायलटला लावते,” जाऊबाई म्हणाल्या. त्यांनी तिच्याकडे एकदाच पाहिलं, काही विचारलं नाही, आणि पायलट उचलला. तीन रेघा, तीन रेघा, ओठ. मॅडमनी तक्त्यात खूण केली. स्त्रिया सहा, पुरुष सहा. नव्या कागदावर एकच प्रश्न होता: खेळणं सुरक्षित आहे का? होतं. तिनं सही केली.

संध्याकाळी तिनं काकांना सांगितलं की चार नंबरला काही रंगवणार नाहीत.

“बरं केलंस. मग मोजली कुणात?”

“पुरुषांत.”

काकांनी तेलाचं फडकं साच्यावरून फिरवलं. “तिला सवय होती त्याची,” ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात चारही मशीन सुरू झाली. तिनं पहिली वही उघडून पुढे घेतली. वहीचा नियम असा की खाडाखोड करायची नाही. चुकीच्या शब्दावरून एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर शब्द, तारीख, सही, आणि शेवटच्या रकान्यात कारण. तिनं चार नंबरच्या ‘पुरुष’वरून रेघ मारली. ‘स्त्री’ लिहिलं. कारणापाशी थोडा विचार केला आणि लिहिलं: पाहणाऱ्याची चूक. पान उलटलं.

बाविसाव्या पानाला जाऊबाई दार ढकलून आत आल्या. हातात नव्या खेपेचा ट्रे, त्यात साठ डॉक्टर. “बघ तरी. सहा केसांचा ब्रश करून घेतलाय खास. भिंगातून बघ.”

तिनं भिंगातून पाहिलं. पापण्या खरोखरच सुंदर होत्या. एकसारख्या, टोकाला निमुळत्या. इतकं बारीक काम त्या कारखान्यात आजवर कुणी केलेलं नव्हतं. “सुंदर आहेत, वहिनी,” ती म्हणाली. हेही खरंच होतं.

जाऊबाई खूष झाल्या. मग त्यांची नजर वहीवर गेली. त्यांनी वाकून एक ओळ वाचली, मग खालची वाचली. “पाहणाऱ्याची म्हणजे कुणाची?”

“माझी.”

“आणि हे असं सगळ्या वह्यांत लिहिणार?”

“चारशे बारा ठिकाणी आहे.”

“कोण वाचणार आहे?”

“कुणी नाही.”

जाऊबाईंनी ट्रे टेबलाच्या मोकळ्या कोपऱ्यावर ठेवला, साठ चेहरे वर करून. “जेवायला ये. गार होईल,” त्या म्हणाल्या, आणि तापमान बिघडू नये म्हणून जाताना दार नीट ओढून घेतलं.

तिनं ट्रे जवळ घेतला. नवी खेप होती, नोंद आधी तिची व्हायला हवी. तारीख, वजन, उंची, रंगाची पकड. डॉक्टरपुढे तिनं लिहिलं, स्त्री. तो रकाना भरायला आज एक क्षणही लागला नाही. मग ती जुन्या वहीकडे वळली आणि तेविसावं पान उघडलं.